चक्रासन म्हणायचं की ऊर्ध्व धनुरासन?

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, तळहात कानांजवळ टेकवा आणि अंग वर उचला. झाली कमान! शाळेत पी.टी.च्या तासाला तुम्हीही ती करून पाहिली असेल. हिचं नाव विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, चक्रासन. इंग्रजीतही व्हील पोज, म्हणजे चाकच.

पण पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचं 'लाइट ऑन योगा' (१९६६) उघडलंत, तर या कमानीचं नाव दिसेल ऊर्ध्व धनुरासन. चक्रासनही त्या पुस्तकात आहे, पण ते भलतंच. पाठीवर झोपायचं, पाय डोक्यावरून मागे न्यायचे आणि चक्क उलटी कोलांटी मारायची! योगदिनाच्या सरकारी कॉमन योगा प्रोटोकॉलमध्ये आणखी एक आहे, अर्धचक्रासन. त्यात उभं राहून, कमरेला हातांचा आधार देऊन मागे वाकतात.

मला विचाराल तर धनुष्य जास्त पटतं. पोटावर झोपून घोटे धरले की धनुरासन, आणि तीच कमान पोट आकाशाकडे करून केली की ऊर्ध्व. चाक पूर्ण गोल असतं, हे फार तर अर्धं. अर्थात धनुष्याचाही एकच अर्थ नाही. 'हठयोगप्रदीपिके'तल्या धनुरासनात पायाचे अंगठे धरून कानापर्यंत ओढायला सांगितलंय, बाण सोडताना दोरी ओढतात तसे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही हं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'रोज चक्रासन करा' असा मेसेज येतो, आई व्हिडिओ शोधते आणि समोर कोलांटी येते. त्यात मानेवर भार येऊ शकतो. मान दुखणाऱ्या माणसाने हे करायला नको. म्हणून ऑनलाइन क्लासमध्येही आधी विचारा: झोपून, उभं राहून, की कोलांटी?

कमानच करायची असेल, तर आधी काही आठवडे भुजंगासन आणि सेतुबंधासन करा. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून खांदे आखडले असतील, तर हात सरळच होत नाहीत आणि सगळा ताण कमरेवर जातो. वर जाताना टाळू जमिनीला टेकली तरी तिथे रेंगाळू नका. गुडघे बाहेर फाकू देऊ नका. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, स्लिप डिस्क, मनगटाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. खाली येताना धपकन पडायचं नाही. हनुवटी छातीकडे घ्या आणि पाठ सावकाश टेकवा.