पैसा कुणाच्या ओंजळीत घालावा?

कारंजा (घाडगे) हे आमचे मूळ गाव. नागपूर-अमरावती रस्त्यावर मोटार चहापुरती थांबते, त्यापलीकडे शहरी माणसाला त्याची ओळख नसते. वडिलांनी मागे ठेवलेल्या रकमेचा आम्हा भावंडांनी एक लहानसा न्यास केला आणि व्याज याच बाजूच्या कामांना द्यावे असे ठरवले. देणे सोपे वाटले होते; कुणाला द्यायचे, हे ठरवताना मात्र दर वर्षी घाम फुटतो.

अर्ज दोन तऱ्हांचे येतात. काही गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसह. त्यांत ‘सक्षमीकरण’ हा शब्द इतक्या वेळा येतो की कुणाला कशासाठी सक्षम करायचे आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. काही अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर. कायद्याला पहिले पसंत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी टाकली. २०२१ पासून तो पैसा घेणाऱ्या संस्थेला सरकारदरबारी वेगळी नोंदणी लागते. हिशेब चोख हवेत, यात वाद नाही. पण या चाळणीत ज्याला सनदी लेखापाल परवडतो तो टिकतो, आणि कुदळ घेऊन नाल्यात उतरलेली मंडळी गळून पडतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या जमनालाल बजाजांची रीत उलटी होती. आधी माणूस पारखायचा, मग कामाचे बघायचे. असहकाराच्या काळात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२३ मध्ये गांधी सेवा संघ निघाला, तो विधायक कामाला वाहून घेतलेल्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाला वर्ध्याची आपली बागच देऊन टाकली; तीच मगनवाडी. हा भोळेपणा नव्हे बरे! गांधीजींना गुरू मानण्याआधी त्यांनी आश्रमात वारंवार जाऊन, बोलणे आणि वागणे जुळते का, ते पाहिले होते.

अलीकडचा दाखला शेजारच्या आर्वी तालुक्यातला. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावाने आधी आपली माणसे प्रशिक्षणाला पाठवायची, उन्हात श्रमदान करायचे, बक्षीस मागाहून. २०१७ साली पन्नास लाखांचे पहिले बक्षीस काकडदरा या कोलामांच्या गावाने पटकावले. निवडीचे ओझे देणाऱ्याने गावाच्याच खांद्यावर ठेवले, ही युक्ती मला आवडते. मात्र स्पर्धेत पहिला एकच येतो. बाकीच्यांनीही घाम गाळलेलाच असतो.

गेल्या वर्षी कारंज्याजवळच्या एका गावी गेलो. गवळाऊ गाईंचा हा मुलूख, चाऱ्याची ओढ कायमची. तिथल्या दहा-बारा बायका गायरानाचा एक तुकडा आळीपाळीने राखून त्यावर गवत वाढवीत होत्या. मी विचारले, “गावात तुमच्या विरुद्ध कोण आहे?” रंगीत अर्जवाले या प्रश्नावर “सर्वांचे सहकार्य आहे” असे सांगतात. या बायकांनी तत्काळ दोन घरे दाखवली, आणि त्यांची अडचणही सांगितली: जनावरे आहेत, शेत नाही, चराई बंद झाली तर त्यांनी जावे कुठे? म्हणून पहिली कापणी त्यांनाच द्यायची, असे ठरले होते.

दुसरा प्रश्न माझा नेहमीचा. “आम्ही पैसे दिले नाहीत तर?”

एक वयस्क बाई पदर सावरीत म्हणाल्या, “नाही देले तं हळू होईन, भाऊ. पन गवत तं राखाच लागते.”

मला तेवढे पुरे झाले. राखणदाराचा पगार तीन वर्षे द्यायचा, असे आम्ही ठरवले. एका वर्षात गवताचीही मुळे धरत नाहीत. राहिली नोंदणी. तिच्या खटपटीसाठी पहिल्या वर्षीच्या रकमेत लेखापालाचे शुल्कही धरले आहे. धाकट्या भावाचा त्याला अजून विरोध आहे.