गुलाबी उंदीर

दार ढकलताच वरची घंटी किणकिणते आणि ओमा उंबऱ्यातच थांबतात. डोळे मिटून एक खोल श्वास घेतात. मीही घेते. चीज, दळलेली कॉफी, लवंग-दालचिनी, आणि या सगळ्याच्या तळाशी एक कडसर, औषधी वास. मागून कुणी यायच्या आत मी त्यांचा वॉकर आत सरकवते.

नोव्हेंबरातला शनिवार. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या कडेचं हे डच किराणा दुकान; बाहेर बर्फाची भुरभुर. ओमा म्हणजे डच भाषेत आजी. नातवंडांची ही हाक आमच्या सगळ्या गल्लीने उचलली आहे. ८७ वर्षांच्या या शेजारणीला महिन्यातून एकदा मी इथे घेऊन येते. आज मात्र आम्ही मधेच आलो आहोत. परवा रात्री त्यांना पणती झाली आणि घरात गुलाबी उंदीर नाहीत.

"उंदीर शेवटी," ओमा बजावतात. "आधी चीज."

काउंटरमागे पिवळ्या आवरणाची चीजची चाकं जात्याच्या तळ्यांसारखी एकावर एक रचलेली आहेत, एकेक बारा किलोंच्या आसपासचं. आपण गौडा म्हणतो ते ओमांच्या तोंडी 'खाउदा' होतं आणि तो ख घशाच्या तळातून खरवडत येतो. काउंटरवरचे काका दोन मुठींच्या सुरीवर सगळा भार टाकून चाक कापतात, मग पातळ चकत्या चाखायला पुढे करतात. चार आठवड्यांचं कोवळं चीज दुधाळ, जिभेवर विरघळणारं. वर्षभर मुरलेलं ठिसूळ, गोडसर. दाताखाली त्यातले बारीक खडे कुरकुरतात. ओमा तेच घेतात. माझ्यासाठी काका न विचारताच लायडनचं जिऱ्याचं चीज काढतात आणि मग फ्रीसलंडचं लवंगांचं. त्याच्या नावाचा अर्थ खिळ्यांचं चीज. लवंग दिसतेच छोट्या खिळ्यासारखी.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. गावात डच वखारीच्या पडक्या भिंती आहेत. आम्ही मुलं तिथे लपाछपी खेळायचो. आजोबा डचांना वलंदेज म्हणायचे. सतराव्या शतकात ज्या कंपनीने ती वखार घातली, तिनेच मोलुक्का बेटांवर लवंगेचा मक्ता आपल्याच हाती राहावा म्हणून लोकांची झाडं तोडली आणि आड येणारी माणसं मारली. हे मी ओमांना एकदा सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्हाला शाळेत हे शिकवलं नाही."

समोरच्या फळीवर इंडोनेशिया मांडलेला आहे: गोड काळा सोया सॉस, सांबाल, शेंगदाण्याची आमटीसारखी चटणी, झिंग्याचे पापड. वलंदेजांनी तो देश सोडला, स्वयंपाक मात्र बरोबर नेला. बरण्यांवरची नावं अजून जुन्या डच वळणाची. एका बरणीत हळदीच्या पाण्यातला फ्लॉवर आणि गाजर. नाव वाचायला मला थोडा वेळ लागतो. तोंडाने म्हणून पाहते: अचार! शेजारच्या धण्यांच्या बाटलीवर 'केतुंबार', आणि कानाला कोथिंबीर ऐकू येते.

ओमा तोवर पुढे गेल्या आहेत, ड्रॉपच्या भिंतीपाशी. तो तळाचा औषधी वास इथूनच येतो. ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाच्या अर्काच्या काळ्या गोळ्या. भिंतभर डबे: मांजराच्या आकाराच्या, नाण्यांच्या, मधाच्या, लॉरेलच्या पानांच्या. गोड, खारट आणि दुप्पट खारट. ओमा छोट्या पावड्याने दुप्पट खारट पिशवीत भरतात आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवतात.

पहिल्यांदा ती तोंडात टाकली होती तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नुसतं चवीने नव्हतं. यातला खारटपणा मिठाचा नाही, नवसागराचा आहे. आमच्या अंगणात वर्षातून एकदा कल्हईवाला बसायचा. भाता फुंकून पातेलं तापवायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा, नवसागराच्या पुडीत कापसाचा बोळा बुडवून पातेल्याच्या आतून झर्रकन ओढायचा. पांढरा धूर उठायचा, घशात झोंबायचा, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं लख्ख व्हायचं. तो धूर मी अटलांटिकच्या या काठावर चघळते आहे. आणि त्याच्या मागोमाग ज्येष्ठमध. खोकला झाला की आई तोंडात धरायला द्यायची ती काडी.

"अजून आवडत नाही?" ओमा विचारतात.

"आवडते, ओमा. आता मीच मागते."

शेवटी उंदीर. बिस्किटांच्या फळीच्या टोकाला छोटे खोके आहेत, अर्धे गुलाबी, अर्धे निळे. 'मौश्यस', म्हणजे उंदराची पिल्लं. ही खरी अनीस, बडीशेपेची भावंडं, साखरेच्या पाकात घोळलेली. दाण्याचा देठ कधी पाकातून शेपटीसारखा बाहेर राहतो, म्हणून उंदीर. मूल झालं की गोल, कुरकुरीत टोस्टवर लोणी लावायचं, त्यावर हे दाणे भुरभुरायचे आणि येईल त्याच्या हाती द्यायचे. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. निळे तसे अलीकडचे, १९९०च्या दशकातले. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. अनीसने बाळंतिणीला दूध उतरतं असं ओमांची आजी म्हणायची. माझ्या आजीने आईला जेवणानंतर बाळंतशेपा चघळायला दिल्या त्या याचसाठी. दोघींनी एकमेकींचे देश नकाशातही पाहिले नसतील.

"माझ्या वेळी नारिंगी होते," ओमा खोका हातात घेत म्हणतात. त्यांचा जन्म १९३८चा. त्या वर्षीच्या ३१ जानेवारीला राजकन्या बेआत्रिक्स जन्मली आणि राजघराण्याच्या रंगाचे उंदीर बाजारात आले. ओमा तीन आठवड्यांनी धाकट्या. आईने राजकन्येचेच उंदीर ओमांच्या टोस्टवर घातले, ही गोष्ट त्या दर खेपेला सांगतात आणि मी दर खेपेला ऐकते.

त्या गुलाबी खोके मोजून सहा घेतात. टोस्टची पाकिटं मी टोपलीत रचते.

गल्ल्याकडे जाताना दाराशी ट्यूलिपच्या कंदांची करंडी लागते. लागवडीचा हंगाम सरत आलाय, भाव उतरवलेत. ओमा एक कंद उचलतात, कोरडी तपकिरी साल अंगठ्याने सोलतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न आणि कोळसा पोचेनासा झाला. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. ओमा तेव्हा हार्लेममध्ये होत्या. त्यांच्या घरात हेच कंद शिजले.

"मधला पिवळा कोंब काढून टाकायचा," त्या सांगतात. "विषारी असतो. आई सुरीच्या टोकाने काढायची आणि आम्ही बघत बसायचो, तिने एखादा विसरू नये म्हणून."

मे १९४५मध्ये त्यांच्या रस्त्यावर सैनिक आले ते कॅनडाचे. सात वर्षांनी वडिलांनी घर एका मोठ्या लाकडी पेटाऱ्यात भरलं आणि कुटुंब जहाजाने हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर उतरलं. कुठल्या देशात जायचं हा प्रश्नच नव्हता, असं ओमा म्हणतात. राजकन्या युलियानाने युद्धकाळातल्या आसऱ्याबद्दल ओटावाला एक लाख कंद पाठवले होते. तिथला ट्यूलिपचा बहर पाहायला सगळं जग जातं. ओमा एकदाही गेलेल्या नाहीत. हातातला कंद त्या करंडीत परत ठेवतात, इतक्या जपून की शेजारचा हलत नाही.

गल्ल्यावरची मुलगी विशीतली. तिला डच येत नाही, दोन-चार शब्दांपलीकडे. पण पट्ट्यावर गुलाबी खोके दिसताच ती थांबते, मान वर करते.

"पणती," ओमा म्हणतात. "तीन किलो चारशे."

"खेफेलिसिटेर्त!" मुलीला येणाऱ्या दोन-चार शब्दांतला हा एक. अभिनंदन. रांगेत आमच्या मागे उभे असलेले आजोबा टोपी काढतात, ओमांचा हात हाती घेऊन तोच शब्द म्हणतात. चीजवाले काका हात पुसत काउंटरबाहेर येतात. डच रीत अशी की ज्याच्या घरी आनंद झाला त्याच्याबरोबरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करायचं. टोपीवाले आजोबा माझ्याकडे वळतात. माझा रंग, माझी टिकली, सगळं त्यांना दिसतं आहे. तरी हात पुढे येतो.

"खेफेलिसिटेर्त."

ओमा मधे पडून काही खुलासा करत नाहीत. मी हात पुढे करते. आजोबांची पकड घट्ट आहे. ओमा तोवर एक खोका फोडू लागल्या आहेत, नखाने, गल्ल्यावरच, आणि मुलगी बिल थांबवून टोस्टचं पाकीट उघडते आहे.