दोघांसाठी दोन दिवस, समुद्रकाठी

गिरणा आणि पांझरा तापीला मिळतात आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. जळगाव-धुळ्याच्या नद्यांनी समुद्र कधीच गाठला. आपल्यापैकी कितीतरी जोडप्यांनी मात्र तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या गर्दीतच पाहिला. तिथे वाळूवर दोघांनी निवांत बसायला उसंत कुठली?

पोरांची शिक्षणं, म्हाताऱ्यांचे दवाखाने, घराचे हप्ते यात वीस-पंचवीस वर्षे निघून जातात. नवरा-बायको दोघेच कुठे गेलेले नसतात. लेकरं हाताशी आली की दोन दिवस स्वतःसाठी काढावेत. ही उधळपट्टी नव्हे.

त्यासाठी दापोली तालुक्याचा किनारा चांगला. मुरुड, कर्दे, लाडघर इथे समुद्रालगत लहान हॉटेले आहेत. मोजक्या खोल्या, त्यामुळे गोंगाट कमी. स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि नारळी-सुरूच्या पलीकडे लाटा. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी असे ताट पुढ्यात येते. घरच्या बाईने ना स्वयंपाक करायचा, ना भांडी घासायची. तिच्यासाठी याहून मोठी चैन कोणती?

माता रमाईंचे माहेर वणंद दापोलीजवळच आहे. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. बाबासाहेबांचे परदेशातील शिक्षण आणि पुढे चळवळ, यांमुळे रमाईंच्या वाट्याला सहवासाचे दिवस थोडेच आले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. कर्द्याला जाल तेव्हा वणंदलाही जरूर जा.

महागड्या हॉटेलच्या दारात अजूनही काहींचे पाऊल अडखळते. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि तिथूनही त्यांना हाकलण्यात आले. १९२९ साली ते धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. आज संविधानाच्या १५व्या कलमानुसार जातीवरून कोणालाही हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा वहीत आपले नाव ठसठशीत लिहा.

आता खर्चाचे. शनिवार-रविवार आणि नाताळ टाळा, मधल्या वारी भाडे कमी असते. पैसे भरण्याआधी जेवण, कर आणि खोली सोडण्याची वेळ विचारून घ्या. दोघांचीही ओळखपत्रे जवळ ठेवा. जळगावहून रेल्वेने कल्याण, तिथून पनवेल गाठावे. धुळेकरांनी एसटीने यावे. पनवेलहून कोकण रेल्वेने खेड आणि पुढे एसटीने दापोली, अंतर सुमारे ३० किलोमीटर. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. एरवीही भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारूनच उतरा.

दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले तर वर्षभरात जमेल. आजच डबा वेगळा काढा आणि तो कशासाठी, हे तिला सांगा.