'विस्तार' म्हणजे नेमके काय? वर्गातल्या फळ्यापासून गावठाणाच्या नकाशापर्यंत

वर्तमानपत्रात 'मंत्रिमंडळ विस्तार', संघटनेच्या पत्रकात 'कार्यकारिणी विस्तार', पंचायत समितीच्या दारावर 'विस्तार अधिकारी' आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'गावठाण विस्तार'. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी वाढते ते वेगळेच काहीतरी. इंग्रजीतल्या 'एक्स्पान्शन' या शब्दाला मराठीत विस्तार, प्रसरण, प्रसार, वाढ असे किमान चार शब्द आहेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांनी आणि निवेदने लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा फरक समजून घेतला पाहिजे.

आधी शाळेतले पाहू. विज्ञानात उष्णतेने पदार्थ फुगतो त्याला प्रसरण म्हणतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो. तापल्याने ती किंचित मोठी होते, लाकडी चाकावर बसते आणि पाणी ओतताच आकसून चाकाला घट्ट आवळते. एक किलोमीटर लांबीचा पोलादी रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान 30 अंशांनी वाढले, तर तो सुमारे 36 सेंटिमीटरने लांबतो. पाणी मात्र उलटे वागते. 4 अंशांच्या खाली थंड होताना ते आकसण्याऐवजी प्रसरण पावते. खगोलशास्त्रातही शब्द प्रसरण हाच. एडविन हबल यांनी 1929 मध्ये दाखवले की दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जाते. इथे वस्तू फुगत नाही, दीर्घिकांमधले अंतरच वाढत जाते.

गणितात मात्र 'विस्तार'. आठवीच्या पुस्तकात 'विस्तार सूत्रे' असतात. (अ + ब)² म्हणजे अ² + 2अब + ब². 103 चा वर्ग काढायचा तर (100 + 3)² लिहा: 10000 + 600 + 9, म्हणजे 10609. गंमत अशी की इथे काहीच वाढलेले नाही. कंसात जे बांधलेले होते ते उलगडून मांडले, किंमत तीच राहिली. मराठीच्या पेपरातला कल्पनाविस्तार हाही याच जातीचा. दोन ओळींत दडलेला विचार उलगडायचा, नवा विचार घुसडायचा नाही.

'प्रपंच' या शब्दाचा मूळ अर्थही विस्तार, पसारा असाच आहे. आपण तो घरसंसारासाठी वापरतो, पण "एवढा शब्दप्रपंच कशाला?" असे विचारताना जुना अर्थ अजून जिवंत असतो. पालीतला 'पपंच' म्हणजे मनातला पसारा: एका अनुभवातून विचार, त्या विचारातून आणखी विचार. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात याची चर्चा आहे.

अर्थव्यवहारात उद्योगांचा खरेदी व्यवस्थापक निर्देशांक 50 च्या वर गेला की 'विस्तार' आणि खाली आला की 'आकुंचन' म्हणतात. विस्तार अधिकाऱ्याचा विस्तार मात्र 'एक्स्पान्शन' नव्हेच, तो 'एक्स्टेन्शन'. म्हणजे शेती, शिक्षण यांची माहिती आणि योजना गावापर्यंत पोहोचवणे. आणि अर्जाची तारीख वाढते तिला मुदतवाढ म्हणतात. निवेदनात 'मुदतविस्तार' लिहू नका.

आता राजकारण. मंत्रिमंडळ विस्तार म्हणजे नवे मंत्री घेणे. आहेत त्यांचीच खाती बदलली तर तो फेरबदल. विस्तारालाही मर्यादा आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनुसार राज्याचे मंत्रिमंडळ, मुख्यमंत्र्यांसह, विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा मोठे असू शकत नाही. महाराष्ट्रात 288 आमदार, म्हणून कमाल 43 मंत्री. आपल्या संघटनांना अशी कुठलीच मर्यादा नाही, आणि ते दिसतेही! नियुक्तिपत्रे वाटली, फलक लागले, पण ज्या तालुक्यात एक अभ्यासवर्ग नाही तिथे चार उपाध्यक्ष. याला पदांची वाढ म्हणावे, विस्तार म्हणू नये.

इतिहासातला साम्राज्यविस्तार सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारा राजाचा लेख मात्र विरळा. सम्राट अशोकांच्या तेराव्या शिलालेखात कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लावली गेली असे नोंदवले आहे. पुढे धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ असे ते म्हणतात. म्हणून राज्याचा विस्तार आणि धम्माचा प्रसार, असे दोन वेगळे शब्द वापरणे योग्य. प्रसारात कोणाची जमीन जात नाही.

जमिनीवरून गावठाणाकडे येऊ, कारण या शब्दाचा सर्वांत थेट परिणाम तिथे होतो. गावठाण म्हणजे गावातल्या वस्तीसाठी हद्द ठरवून दिलेली जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 122 नुसार ही हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कुटुंबे वाढली, घरे हद्दीबाहेर गेली, पण नकाशावरची रेषा जुनीच, अशी गावे पुष्कळ आहेत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांची घरे तर अनेक ठिकाणी आधीपासूनच रेषेपलीकडे, गायरानावर किंवा सरकारी जागेवर आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते ती गावठाणातल्या घरांची, आणि त्यावरून मिळकत पत्रिका मिळते. रेषेबाहेरचे घर त्यात आपोआप येत नाही.

म्हणून ग्रामसभेत केवळ 'वस्तीचा विकास करावा' अशी मागणी केली, तर फार तर रस्ता आणि दिवे मिळतील. हद्द बदलायची असेल तर ठरावात 'गावठाण विस्तार' हेच शब्द, गट क्रमांक आणि हद्दीबाहेर पडलेल्या घरांची यादी हवी. त्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची प्रत घ्या आणि आपली वस्ती रेषेच्या आत आहे की बाहेर ते पाहा.