टाकलेलं कुणाचं?

‘टाकून दिलं’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो? आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा शब्दांपाशी जरा थांबतो. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेतली थुंकीची डबी घ्या. तपासणी संपली तरी तिच्यातले जंतू जिवंत असू शकतात. त्यांचं कवच मेणचट, साध्या जंतुनाशकाला ते सहज दाद देत नाहीत. म्हणून तिथे ५ टक्के फिनॉल वापरण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे २०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत चार रंग आहेत. जंतू वाढवलेल्या बशा पिवळ्या पिशवीत, हातमोजे, नळ्या असं दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया-पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. शिवाय प्रयोगशाळेतला जंतुयुक्त कचरा बाहेर देण्याआधी तिथेच निर्जंतुक करायचा. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटं. पिशवी ठासून भरली तर वाफ मधोमध पोचत नाही. मग वेळ भरते, जंतू मात्र मरत नाहीत.

आता प्रश्न असा, की वर्गीकरण करायचं कधी? तर वस्तू हातातून सुटते त्याच क्षणी. ती काय आहे हे त्या हातालाच ठाऊक असतं. एकदा सगळं एकत्र झालं, की निवडायला दुसऱ्या कुणाला तरी हात घालावा लागतो. तो हात बहुधा सफाई कामगाराचा, आणि आत सुई आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पिशवी दुसऱ्याकडे देता येते. जबाबदारी देता येत नाही.