प्राध्यापकांची पदवी आणि प्राध्यापकांचा प्रश्न

वसंत व्याख्यानमालेची चाल पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पाडली. पुढे ती गावोगाव गेली, आणि तिच्याबरोबर वक्त्याचा परिचय करून देण्याची एक ठराविक रीतही रूढ झाली. वक्ते एम. ए., पीएच. डी. आहेत, अमुक महाविद्यालयात विभागप्रमुख आहेत, त्यांचे इतके शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. श्रोते टाळ्या वाजवितात आणि व्याख्यान सुरू होते. या परिचयातून श्रोत्यांना नेमके काय कळते, आणि काय कळावयास हवे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही स्वतः महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि अशाच व्याख्यानांच्या आधाराने. त्यामुळे प्राध्यापकांपुढे दबून जावे असे आम्हाला वाटत नाही, आणि 'पुस्तकी पंडित' म्हणून त्यांची हेटाळणी करावी असेही वाटत नाही. कारखान्यात नवा कारागीर आला म्हणजे जुने लोक त्याला तीन गोष्टी विचारतात. काम कोठे शिकलास? कोणाच्या हाताखाली शिकलास? आणि आजवर कोणते काम स्वतः अंगावर घेऊन पुरे केलेस? प्राध्यापकाचा परिचय ऐकताना हेच तीन प्रश्न मनात धरावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम पदव्यांचा अर्थ पाहू. एम. ए. किंवा एम. एस्सी. म्हणजे त्या विषयात इतरांनी मिळविलेले ज्ञान या माणसाने नीट अभ्यासले आहे. नेट किंवा सेट म्हणजे शिकविण्यास पात्र ठरविणारी परीक्षा. नेट देशपातळीवर १९८९ पासून घेतली जाते. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा पुण्याचे विद्यापीठ घेते. पीएच. डी. ही या दोहोंहून वेगळ्या जातीची आहे. तेथे दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसते. प्रश्न स्वतः निवडून, काही वर्षे त्याचा पाठपुरावा करून, पूर्वी कोणास ठाऊक नव्हते असे काहीतरी पुराव्यानिशी मांडावयाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली नियम बदलला, आणि साहाय्यक प्राध्यापकाच्या पहिल्या नेमणुकीसाठी नेट वा सेट ही किमान अट ठेवून पीएच. डी. ऐच्छिक केली. तेव्हा 'प्राध्यापक' आणि 'डॉक्टर' हे शब्द एकमेकांस चिकटलेलेच असतात असे नाही.

परंतु पदवीचे नाव ऐकून माणसाचे काम कळत नाही. हे समजण्यासाठी एका महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे नाव सर्वांच्या कानावरून गेलेले आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेली पाठशाळा हे त्याचे मूळ. टिळक आणि आगरकर तेथलेच विद्यार्थी. सरकारने हे कॉलेज १९३४ साली बंद केले; माजी विद्यार्थी त्यासाठी झगडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. बी. ए.चे वर्ग नाहीत, काम संशोधनाचे, अशी ही नवी मांडणी होती. तेथे त्या वेळी आलेल्या अध्यापकांपैकी तिघांकडे पाहू.

पहिल्या इरावती कर्वे. यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथल्या नदीवरूनच नाव पडले. फर्ग्युसनमध्ये त्यांनी बी. ए. केले ते तत्त्वज्ञान घेऊन. पुढे मुंबई विद्यापीठात त्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या. आता 'कोणाच्या हाताखाली' या प्रश्नाचे महत्त्व पाहा. घुर्ये हे मूळचे संस्कृतचे. केंब्रिजला जाऊन ते मानववंशशास्त्र शिकले ते रिव्हर्स यांच्याकडे, आणि रिव्हर्स हे शिक्षणाने वैद्य. वैद्याचा शिष्य संस्कृतज्ञ, आणि त्याची शिष्या तत्त्वज्ञानाची पदवीधर. नातेसंबंधांची बारकाईने नोंद घेण्याची जी पद्धत रिव्हर्स यांनी बसविली, ती अशी हातोहात पुण्यापर्यंत आली. गवयाचे घराणे असते तसे अभ्यासाचेही असते, आणि ते पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते.

नंतर इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाची कल्पना बाळगणारे गृहस्थ. पुढे नाझी राजवटीने त्यांच्या विद्येचा उपयोग करून घेतला. बाईंकडे विषय आला तो मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. ही असमानता वंशावंशांत निराळी असते काय, हा त्यातला प्रश्न होता. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्यापुढे, त्याला न आवडणारे उत्तर लिहून देणे हे सोपे काम नव्हे. मालकाच्या कचेरीत बसून खरा हिशेब मांडणाऱ्या कारकुनाची आम्हाला अशा वेळी आठवण होते. संशोधकाची खरी पारख येथे होते. मार्गदर्शक कितीही मोठा असो, माप आले ते आले.

डेक्कन कॉलेजात आल्यावर बाईंनी भारतभर हिंडून माणसांची मापे घेतली, नात्यांचे शब्द गोळा केले. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. उत्तरेकडे मुलगी दूरच्या, अनोळखी घरी देतात. दक्षिणेकडे मामाची मुलगी करणे मानाचे समजतात. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. आपल्या घरातल्याच गोष्टी, पण त्या मांडून दाखविल्यावर त्यांतली व्यवस्था दिसते. पुढे 'युगान्त'साठी त्यांना १९६८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९६९ साली जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेले कोयना धरणाने उठविलेल्या लोकांचे सर्वेक्षण. कोयनेच्या विजेवर शहरांतील कारखाने चालले, आमच्या लोकांना काम मिळाले. त्या विजेसाठी ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांची विचारपूस आम्हा कामगारांनी फारशी केली नाही. एकरी मोबदल्याचा हिशेब सरकारी कचेरी करू शकते. पण गाव फुटले म्हणजे भावकीचे काय होते, सोयरीक कोठे जुळवायची, अडीअडचणीला हाक कोणाला मारायची, हे विचारण्यास नात्यांचा अभ्यासकच लागतो. तत्त्वज्ञान, कवट्या, नाती आणि धरणग्रस्त अशी ही तीस-चाळीस वर्षांची वाट आहे. परिचयात मात्र ती 'पीएच. डी., बर्लिन' एवढ्या दोन शब्दांत संपते.

दुसरे हसमुख धीरजलाल सांकलिया. मुंबईस त्यांनी नालंदा विद्यापीठाच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. म्हणजे आरंभ ग्रंथांपासून झाला. लंडनला त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. केली आणि त्याच मुक्कामात मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात प्रत्यक्ष खणण्याचे शिक्षण घेतले. जमिनीचे थर कसे ओळखावेत, कोणती वस्तू कोणत्या थरातली याची नोंद कशी ठेवावी, हे हाताने शिकण्याचे काम आहे. कारखान्यातला उमेदवार यंत्रापाशी उभा राहून शिकतो तसेच. येथे आल्यावर त्यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे, नावडातोली अशी उत्खनने केली आणि १९६८ पासून शिरूर तालुक्यातील इनामगाव हाती घेतले. ते काम सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत चालविले.

या खटाटोपातून काय निघाले? महाराष्ट्राचा इतिहास सांगताना पूर्वी सातवाहनांपासून आरंभ करीत. त्याच्या आधी, आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, प्रवरा आणि घोड या नद्यांच्या काठी शेती करणारे, गुरे पाळणारे, रंगीत भांडी घडविणारे आणि तांबे वापरणारे लोक नांदत होते, ही गोष्ट या उत्खननांनी पक्की केली. प्रवरेकाठच्या जोर्वे या लहानशा गावावरून त्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. राजाचे नाव सापडले नाही. घराच्या जमिनी, चुली, धान्याचे कण आणि रांजणात पुरलेली लहान मुले सापडली. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहिला जात नाही अशी आपली नेहमीची तक्रार असते. तो लिहिण्याची एक रीत ही आहे. तिला माती चाळणारे मजूर लागतात, हाडे ओळखणारा लागतो, धान्य ओळखणारा लागतो. गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, तेव्हा सांकलियांच्या जोडीला इरावतीबाई होत्या. एका महाविद्यालयात निरनिराळ्या शिक्षणाची माणसे का असावीत, याचे उत्तर यात मिळते.

तिसरे सुमित्र मंगेश कत्रे. लंडनचे पीएच. डी., भाषाशास्त्राचे अभ्यासक; कोकणी भाषेच्या घडणीवर त्यांनी लिहिले. १९४२ पासून १९७१ पर्यंत ते संस्थेचे संचालक होते. त्यांनी १९४८ साली संस्कृत शब्दांचा ऐतिहासिक कोश आरंभिला. वेदांपासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लिहिण्यात आल्या. पहिला खंड १९७६ साली निघाला. म्हणजे आरंभानंतर २८ वर्षांनी, आणि कत्रे निवृत्त झाल्यानंतर. ते काम अजून चालू आहे. आपल्या हयातीत पुरे होणार नाही असे काम हाती घ्यावयाचे, तर त्यासाठी तशी संस्था लागते, आणि पुढच्या माणसांची पक्की नेमणूक लागते.

येथे आम्हाला आमच्या क्षेत्रातले दोन शब्द बोलणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा आठवडा किमान ४० तासांचा असतो. त्यांपैकी साहाय्यक प्राध्यापकाने प्रत्यक्ष शिकवावयाचे ते १६ तास. बाहेरच्या माणसास वाटते, प्राध्यापक आठवड्याला १६ तासच काम करतात. तसे नव्हे. उरलेल्या वेळात वाचन, तयारी, तपासणी आणि संशोधन यांचा समावेश असतो. आणि त्या वेळेचाही पगार त्यांना मिळतो, हे योग्यच आहे. मात्र आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक करतात. त्यांना घेतलेल्या तासाचाच मोबदला मिळतो. त्यांच्यात नेट, सेट झालेले आहेत, पीएच. डी. झालेलेही आहेत. गिरणीतला बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहात असे. या शिक्षकांची तीच गत दर जूनमध्ये होते. त्यांच्या आठवड्यातून ते न शिकविण्याचे तास कोणीतरी कापून घेतलेले आहेत.

याचा परिणाम केवळ त्यांच्या घरावर होत नाही. पुढच्या वर्षी आपण या महाविद्यालयात असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो इनामगावसारखे पंधरा वर्षांचे काम आरंभणार कसा? धरणग्रस्तांच्या वाडीवर मुक्काम करणार कधी? तो लहान, लवकर हातावेगळा होणारा विषय घेईल, आणि निबंधांची संख्या वाढवील. कारण निवडसमितीपुढे संख्या मोजली जाते. दोष त्याचा नाही. पीसरेटवर काम दिले की नग वाढतात आणि काम उथळ होते, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यात नुकसान होते ते गावाचे. कारण गावाचे जे प्रश्न आहेत, पाण्याचे, आजारांचे, उठविलेल्या वस्त्यांचे, ते लवकर हातावेगळे होणारे नसतात.

मग श्रोत्यांनी काय करावे? आमची सूचना साधी आहे. प्राध्यापक व्याख्यानास आले म्हणजे त्यांच्या पदव्या ऐकाव्यातच; त्यांमागे कष्ट असतात. पण प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांना आणखी चार गोष्टी आदराने विचाराव्यात. आपण कोणाजवळ शिकलात आणि त्यांच्याकडून कोणती पद्धत घेतलीत? आपला प्रबंध नेमक्या कोणत्या प्रश्नावर होता, आणि उत्तर काय निघाले? हे उत्तर चूक ठरावयाचे तर कोणता पुरावा पुढे यावा लागेल? आणि सध्या कोणता प्रश्न आपल्यासमोर आहे, त्यात आमच्या गावाची काही मदत होईल काय? खरा अभ्यासक या प्रश्नांनी रागावत नाही. आपला प्रबंध मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे कोणी विचारला, याचाच त्याला आनंद होतो.

आणि आपापल्या गावातील महाविद्यालयात जाऊनही विचारणा करावी. किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, आणि किती शिक्षक तासावर राबत आहेत? देणगीच्या पाटीवर आपल्या आजोबा-पणजोबांची नावे असतील, तर ही विचारणा करण्याचा हक्क आपणास आहे. नसतील तरीही आहे, कारण आपली मुले तेथे शिकतात. डेक्कन कॉलेज बंद पडले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी ते आपले मानले, म्हणून पुढची उत्खनने झाली आणि पुढचे ग्रंथ निघाले. ही विचारणा यंदाची व्याख्यानमाला संपण्यापूर्वी दहा-वीस श्रोत्यांनी केली, तरी आम्हाला समाधान वाटेल.