एक आवा, अनेक कुंभार

तेरला गेलो की गोरोबाकाकांच्या मंदिरात आपण सगळेच हात जोडतो. पण तिथल्या वस्तुसंग्रहालयात आपल्यापैकी किती जण गेले असतील? तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही जोडून भाजायच्या. अशी ही कला. ती आपल्या जिल्ह्यात केवढी जुनी आहे बघा!

मडके घडवायला चाक लागते. चाक घरोघरी ठेवता येते. पण भाजायला आवा लागतो, आणि आव्याला जागा लागते. शिवाय आवा अर्धा भरा की पूर्ण भरा, जळण काही अर्धे लागत नाही. एकट्याच्या मडक्यांनी आवा भरायला किती दिवस जातील! तोवर खायचं काय? म्हणून चार घरांनी मिळून एक आवा चालवायचा. कुणी आज भाजायचे, कुणी परवा. नाहीतर सगळ्यांनी मिळून एकदाच रचायचे.

मुंबईत धारावीला कुंभारवाडा आहे. तिथे हे आजही बघायला मिळते. हे कुंभार मूळचे गुजरातमधल्या सौराष्ट्राचे. धारावी तेव्हा खाजणाची, चिखलाची जागा होती. शहर वाढले तसे त्यांना तिकडे सरकावे लागले. तिथेच त्यांनी घरे बांधली. घरापुढे विक्री, घरातच चाक, आणि घरांच्या मधल्या अंगणात सगळ्यांच्या भट्ट्या. आपण ज्याला आवा म्हणतो तीच ही भट्टी. पणत्या, कुंड्या, माठ सगळे तिथे भाजले जाते. दिवाळी जवळ आली की पणत्यांचे ढीग लागतात.

सामाईक आव्याला शिस्त लागते. एकाने ओली मडकी आत घातली तर ती तडकून फुटतात, आणि शेजाऱ्याच्या चांगल्या मालाचेही नुकसान होते. म्हणजे आपल्या आळसाचा दंड दुसऱ्याला. म्हणून माल नीट वाळला आहे ना, हे सगळ्यांनीच पाहायचे असते. धुराचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. जळणात कापसाचा कचरा असतो, त्याचा धूर दाट. तो आधी कुंभाराच्याच घरात शिरतो, मग शेजाऱ्याच्या.

असे एकत्र काम फक्त कुंभारच करतात असे नाही. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांचा बंगला होता. 1945 साली आझाद हिंद सेनेच्या शिपायांची बाजू लाल किल्ल्यातल्या खटल्यात मांडणारे नामांकित वकील ते हेच. ते 1946 साली वारले. पुढे त्यांच्या नावाने त्या बंगल्यात एक संस्था चालली. तिथे गायतोंडे, हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांना चित्रे काढायला खोल्या मिळत. वर गच्चीवर नाटके होत. चित्रकाराला तरी काय हवे? उजेड, जागा, आणि शेजारी आपल्या कामावर खरे बोलणारा माणूस. गायतोंडे यांचे एक चित्र 2015 साली मुंबईत सुमारे 29 कोटी रुपयांना विकले गेले. पण ज्या बंगल्यात ते काम करत, तो आज उभा नाही. त्या रस्त्याला भुलाभाईंचे नाव आहे, एवढेच.

धारावीतल्या कुंभारांना आज हीच काळजी आहे. धारावी पाडून नवी बांधायची, तिथे उंच इमारती करायच्या, यासाठी 2022 साली निविदा निघाल्या. घर मिळेल असे सांगतात. घर मिळाले तर चांगलेच आहे, पक्के घर कुणाला नको? पण कुंभाराचे घर म्हणजे नुसते झोपायचे ठिकाण नव्हे. माती उतरवायची कुठे? मडकी वाळवायची कुठे? आणि चौथ्या मजल्यावर भट्टी कोण पेटवू देईल?